कौलांच्या शेडमधली फियाट : प्रकल्प नोंदी

गाडी : फियाट ११०० डी, १९७२ ची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. चार गिअर, दांडा स्टेअरिंगखाली. चारही चाकांना ड्रम ब्रेक. माझ्या आज्जांची गाडी. त्यांचा खानापुरात कौलांचा व्यापार होता. ते १९९८ साली गेले, त्यानंतर गाडी मामांच्या शेडमधून हलली नाही. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीच्या डिझाइन विभागात काम करते. सुट्टीच्या दिवशी जमेल तसं काम करायचं आणि लिहून ठेवायचं, असं ठरवलंय.

८ डिसेंबर २०२४

गाव जांबोटीच्या अलीकडे. पाऊस संपून महिना-दीड महिना झाला, तरी शेडच्या मागच्या भिंतीला ओल आहे. गाडीचं नशीब एवढंच की शेडवर मंगलोरी कौलं आहेत, पत्रा नाही. पत्र्याला रात्री आतून पाणी सुटतं आणि ते टपावर ठिबकत राहतं. कौलांखाली हवा खेळती असते. टप आणि बॉनेट म्हणूनच शाबूत आहेत. गंज आहे तो खालून : दारांखालच्या पट्ट्या, जॅक लावायच्या जागा, डिकीची जमीन.

मामांनी ट्रॅक्टरची बॅटरी आणूनच ठेवली होती. "एकदा सेल्फ मारून तर बघूया की गं. काय होतंय?" मी नको म्हटलं आणि त्यांना कारण सांगितलं. सव्वीस वर्षं पिस्टन एकाच जागी उभे आहेत. रिंगांभोवती सिलिंडरला गंजाची बारीक कड आलेली असणार. सेल्फ जोर लावून फिरवेल, पण त्या फेरीत रिंग तुटू शकते नाहीतर बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, ओरखडा पडतो. शिवाय पंप टाकीतला गाळ ओढून कार्बोरेटरपर्यंत नेईल. इंजिन सुरू होतं का, हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारणार आहे. आधी गाडी थांबेल का, ते बघायचं.

आज फक्त चारही प्लग काढले आणि प्रत्येक भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइलचं निम्मं-निम्मं मिश्रण थोडं थोडं सोडलं. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग तांबूस होता, बाकीचे काळे आणि कोरडे. एअर क्लीनरच्या डब्यात उंदरांनी सीटखालचा काथ्या आणून घर केलं होतं. बॉनेटखालचे सगळे फोटो काढले, वायर सोडायच्या आधी प्रत्येक वायरला चिकटपट्टीवर नंबर घातला.

१५ डिसेंबर

हँडल सापडलं, डिकीत स्टेपनीच्या मागे, गोणपाटात गुंडाळलेलं. बंपरमधल्या भोकातून घालून पुलीला लावलं. गिअर न्यूट्रल, प्लग बाहेर. झटका द्यायचा नाही, अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवायचा आणि नुसता भार द्यायचा. आधी काहीच नाही. मग इंचभर पुढे, इंचभर मागे. मामा आणि मी आळीपाळीने तेवढंच करत राहिलो. जेवायच्या आधी पूर्ण फेरी झाली आणि तिसऱ्या भोकातून तपकिरी तेलाचा फवारा उडाला.

इंजिन जाम नाही. मामी देवाला साखर ठेवून आल्या.

२९ डिसेंबर

गाडी बेळगावात आणली. चाकं फिरत नव्हती. ब्रेकचे बूट ड्रमला चिकटले होते, म्हणून आधी चारही ड्रम मोकळे केले. ड्रमच्या कडेवर हातोड्याने गोल गोल फिरत हलक्या हाताने ठोकायचं, मधे मधे गंज सोडवणारं तेल मारायचं. मागचा डावा सगळ्यात हट्टी निघाला. टायर वाळून चिरलेले, पण हवा भरल्यावर टेम्पोवर चढवण्यापुरते टिकले. कुसमळी, किणये, पिरनवाडी करत गाडी अनगोळच्या गॅरेजात पोचली. गॅरेज मेस्त्रीकाकांचं. ते मूळचे बैलहोंगलकडचे, घरी कन्नड बोलतात. या फियाटी त्यांनी उमेदवारीपासून उघडल्यात. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं की मला सगळं स्वतःच्या हाताने करायचंय, तुम्ही शेजारी उभे राहा. "चालतंय की ताई," म्हणाले.

१२ जानेवारी २०२५

ब्रेक. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, म्हणून नीट लिहिते.

या गाडीला एकच मास्टर सिलिंडर (पायडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा) आणि एकच सर्किट आहे. आजच्या गाड्यांत दोन सर्किट असतात. एक फुटलं तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. इथे एका चाकाचं रबर गळालं की पायडल थेट जमिनीला. म्हणजे तीन चाकं चांगली आणि एक बरं, असं चालत नाही.

मास्टर सिलिंडर उघडला. आत ब्रेक ऑइल नव्हतंच, गुळाच्या काकवीसारखा तपकिरी लगदा होता. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, ते पाणी त्यातच मिसळून राहतं आणि नेमकं जिथे रबरी कप सरकतो तिथे धातू खातं. व्हील सिलिंडरच्या (चाकात ब्रेकचे बूट ढकलणाऱ्या) बोअरमध्ये नख फिरवलं तर खड्डे लागत होते. अशा बोअरमध्ये नवा कप टाकला तर काही दिवस धरतो, मग कड कापली जाते.

बाजारात व्हील सिलिंडरचे जोड मिळतात. एक जोड आणला. कास्टिंग सच्छिद्र होतं, ब्लीडरच्या (हवा काढायच्या स्क्रूच्या) आट्यांत हवेचे फुगे दिसत होते. परत केला. मग जुनेच सिलिंडर वाचवायचे ठरवलं. मूळ बीड उत्तम आहे, फक्त आतला पृष्ठभाग गेलाय.

१९ जानेवारी

अशा कामासाठी बेळगावसारखं गाव नाही. उद्यमबागेत गल्लोगल्ली लेथ, ग्राइंडर, होनिंग मशीन. पंपाचे आणि हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे भाग करणारी माणसं, मायक्रॉनमध्ये बोलणारी. हायड्रॉलिक सिलिंडर करणाऱ्याला ब्रेकचा व्हील सिलिंडर म्हणजे तेच काम, आकाराने लहान. मी ड्रॉइंग काढून दिलं : बोअर मोठा करायचा, स्टेनलेस स्टीलची बुशी दाबून बसवायची, तेल येण्याचं भोक बुशीतून पुन्हा पाडायचं, त्या भोकाची कड गोल करायची आणि मूळ मापाला होन करायचं, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करायचं. कड गोल करणं महत्त्वाचं. तिथे धार राहिली तर कप बसवतानाच चिरतो.

काम करून देणाऱ्या दादांनी प्लग गेज (भोकाचं माप तपासायचा दांडा) घालून दाखवला. हाताने सोडला तर स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली सरकत होता, कुठे अडकला नाही, कुठे सुटला नाही. पैसे विचारले तर म्हणाले, "आधी गाडी दाखवायला आणा."

२ फेब्रुवारी

ब्रेक जोडले. पाइप सगळे नवे, स्टीलचे. तांब्याचे पाइप वाकवायला सोपे म्हणून अनेक जण घालतात, पण तांबं हादऱ्यांनी कडक होत जातं आणि फ्लेअरच्या, म्हणजे पसरवलेल्या तोंडाच्या, मुळाशी तडकतं. एकाच सर्किटच्या गाडीत मी ते घालणार नाही. तिन्ही रबरी होज नवे. कप आणि सील धुवायला पेट्रोल-डिझेल वापरायचं नाही, त्यात हे रबर फुगतं. ताजं ब्रेक ऑइल लावूनच बसवायचं.

एअर काढताना सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात. मेस्त्रीकाका पायडलवर, मी गाडीखाली. पायडल वरच घट्ट झालं. रात्रभर लाकडाने दाबून ठेवलं. सकाळी कुठेही थेंब नव्हता.

९ फेब्रुवारी

टाकी उतरवली. तळाशी वॉर्निशच्या वासाचा चिकट थर, त्याखाली गंज. आधी मूठभर नट-बोल्ट आणि डिझेल घालून टाकी खळखळ हलवली, रिकामी केली, साबणाच्या पाण्याने धुतली. मग लिंबूसत्वाचं कोमट पाणी काठोकाठ भरून ठेवलं. लिंबूसत्व गंज खातं आणि चांगल्या पत्र्याला फारसं लागत नाही. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच गरम हवेने कोरडी केली. हे लगेच करायला लागतं, नाहीतर तासाभरात पुन्हा पिवळा गंज धरतो. आत आता करडा धातू दिसतोय. रिकाम्या पेट्रोल टाकीला कुणीही वेल्डिंगची ज्योत लावू नये. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. छिद्र निघालं असतं तर मी टाकीच बदलली असती.

गाडीतला पेट्रोल पंप यांत्रिक आहे, कॅमशाफ्टवर चालणारा. पडदा फाटलेला. नवा घालताना इथेनॉल सहन करणारा बघून घेतला. पंपावर आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातलं बरंचसं आमच्याच जिल्ह्यातल्या उसाच्या मळीतून निघतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण १९७२ चं रबर त्यासाठी केलेलं नव्हतं. जुने होज त्यात मऊ होऊन सुटतात, आणि इथेनॉल पाणी धरून ठेवत असल्याने उभ्या गाडीच्या टाकीत गंज लवकर येतो. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळे होज बदलले आणि मधे दिसेल असा काचेचा फिल्टर घातला.

सोलेक्स कार्बोरेटर उघडून साफ केला. जेटमध्ये तार घालायची नाही. भोक एवढंसं असतं, तारेने मोठं होतं आणि मिश्रण कायमचं बिघडतं. क्लीनर मारून, फुंकून, उजेडाकडे धरून बघायचं. आयडलचं जेट पूर्ण बुजलेलं होतं. हिरवट कण निघाले आणि पलीकडची ट्यूबलाइट दिसली.

२३ फेब्रुवारी

कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, बघितलं. ११८, १२१, ५४, ११५ पाउंड, दर चौरस इंचाला. तिसरा. तेल सोडून पुन्हा मोजलं तर तिसऱ्याचा आकडा जागचा हलला नाही. रिंग गेलेली असती तर तेलाने तात्पुरता वाढला असता. म्हणजे व्हॉल्व्ह. हेड काढावं लागणार.

ॲल्युमिनियमचं हेड आणि लोखंडी स्टड, मधे वर्षानुवर्षं नळाचं पाणी. दोन वेगळे धातू आणि पाणी एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजून पांढरी पूड होते आणि तीच हेड जागेवर धरून ठेवते. स्क्रूड्रायव्हर खुपसून हेड उचकटलं तर फेस (ब्लॉकवर टेकणारी सपाट बाजू) गेला. मी पहार हातात घेतलेली बघून मेस्त्रीकाका लांबूनच म्हणाले, "स्वल्प तडीरी, ताई!" (जरा थांबा). त्यांची पद्धत अशी : नट सैल, प्लग आत, प्रत्येक स्टडच्या मुळाशी तेल सोडायचं, आणि रोज येता-जाता हेडच्या बाजूने लाकडी ठोकळा ठेवून चार ठोके. आठवडाभर.

२ मार्च

हेड निघालं, फेस धड आहे. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर टेकतच नव्हता, सीटवर गंजाचे टिपके. उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून दमट हवा आत गेली, म्हणूनच तो प्लग तांबूस होता. आठही व्हॉल्व्ह लॅप केले. पेस्ट लावून तळहातात काठी घोळवत, मधे मधे उचलून, चौथाई फिरवून पुन्हा. सीटवर अखंड करडं कडं उमटलं की झालं. तपासायला हेड उलटं ठेवून खोलगट भागात पेट्रोल ओतलं. खालून काही पाझरलं नाही. हेडचा फेस सरळपट्टीखाली मधोमध थोडा बसलेला निघाला, तो उद्यमबागेत लागेल तेवढाच ग्राइंड करून घेतला. जास्त काढलं तर कॉम्प्रेशन वाढतं आणि इंजिन ठोकायला लागतं.

रेडिएटर उलट्या बाजूने पाणी सोडून धुतला, वॉटर पंपाचं सील नवं. यापुढे नळाचं पाणी नाही, कूलंटच.

१६ मार्च

सकाळी जोडणी पूर्ण. इंजिन ऑइल नवं. प्लग न लावता सेल्फ मारत राहिलो, ऑइलचा तांबडा दिवा विझेपर्यंत. बेअरिंगला तेल पोचल्याशिवाय त्यावर स्फोटाचा भार टाकायचा नाही. मग डेल्कोचे (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे) पॉइंट. त्यावर राखाडी पापुद्रा होता, तो बारीक पॉलिश कागदाने काढला, कोऱ्या कागदाची पट्टी मधून ओढली, गॅप ०.४५ मिलिमीटरच्या आसपास ठेवला. कंडेन्सर नवा. करंट निळा आला, म्हणजे ठिणगी निळी. पिवळी असती तर पुढे गेलो नसतो. वायरींचा क्रम १-३-४-२ पुन्हा ताडून बघितला.

मामा-मामी गावाहून आले होते. चोक ओढला, सेल्फ मारला. एक फटका, मग काही नाही. पुन्हा. मेस्त्रीकाकांनी डेल्को केसभर फिरवला. "आता मारा." धरलं. सायलेन्सरमधून आधी उंदरांचा पेंढा, मग काळं पाणी, मग सव्वीस वर्षांपूर्वीच्या तेलाचा निळा धूर. गॅरेजभर धूर झाला. दहा मिनिटं चालू ठेवलं, धूर विरळ होत गेला. चोक आत ढकलल्यावर आयडल आपसूक बसलं.

मामा बोलले नाहीत. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. आईला फोन लावून मी तो आवाज ऐकवला.

२३ मार्च

गिअर पडत नाही, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली आहे. इतकी वर्षं उभ्या गाडीत हे होतंच. पायडल लाकडाने आठवडाभर दाबून ठेवलं होतं, सुटली नाही. इंजिन गरम केलं, बंद केलं, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकून गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत सेल्फवरच उचलली. क्लच पूर्ण दाबलेला, ॲक्सिलरेटर दे-सोड, दे-सोड. पाचव्या-सहाव्या हिसक्याला खट् झालं आणि इंजिन मोकळं धावलं. मी ब्रेक दाबला, गाडी सरळ रेषेत थांबली. जानेवारीत ब्रेकवर घालवलेला वेळ इथे वसूल झाला. ब्रेक नसते तर समोर भिंत होती.

६ एप्रिल

वायरिंग. उंदरांनी मागच्या दिव्यांची पूर्ण जुडी खाल्लेली. तुकडे जोडण्यात अर्थ नाही, नवी जुडी बांधली. फ्यूजची संख्या वाढवली. डायनामो चार्ज करत नव्हता. ब्रश होल्डरमध्ये अडकले होते, कम्युटेटर काळा. साफ केल्यावर चार्जिंगचा तांबडा दिवा विझला.

टायर नवे, मूळ माप ५.२०-१४.

सुट्या भागांबद्दल : कुर्ल्यात ११०० डी १९६४ पासून बनली. फियाटचं नाव गेल्यावर तीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ती पुढे कितीतरी वर्षं चालवली, म्हणून तिचे भाग इतकी वर्षं बनत राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. आता जुना साठा संपेल तसे भाग दुर्मिळ होणार. ज्यांच्याकडे अशी गाडी उभी आहे त्यांनी ब्रेकचे कप, क्लच प्लेट, वॉटर पंप आणि डेल्कोचं झाकण आत्ताच घेऊन ठेवावं. बाकी बरंचसं लेथवर करून घेता येतं, हे चार भाग अवघड आहेत.

२० एप्रिल

पत्रा. जॅकच्या जागा आणि दोन्ही पट्ट्या कापून नवा पत्रा वेल्ड केला, आत मेण मारलं. वरचा रंग तसाच ठेवतेय. बघायला आलेल्या बहुतेकांनी "आता चकाचक रंग मारून टाका" असं सुचवलं. पण तो फिकट निळा मूळचा आहे, ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या कडेला आज्जांच्या कोपराने घासून प्रायमर दिसतोय. रंग कधीही मारता येतो. मूळ रंग एकदा खरवडला की परत आणता येत नाही. पॉलिश केलं, तेवढं पुरेसं आहे.

४ मे

कागदपत्रं. आरसी बुक मामींच्या ट्रंकेत होतं. शिक्का मैसूर राज्याचा, कारण राज्याचं नाव कर्नाटक झालं ते १ नोव्हेंबर १९७३ ला आणि गाडी त्याआधीची. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाड्यांची २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंद करता येते, आधीचा नंबरही राखता येतो. पण मग ती रोजच्या वापराला चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच. मामांना ती खानापूरच्या बाजाराला न्यायचीय. आम्ही दोघांनी बसून ठरवलं : नोंदणीचं साधं नूतनीकरण, फिटनेस तपासणीसकट. अर्ज केला.

१८ मे

तपासणी झाली, विमा झाला. पहाटे अनगोळहून निघालो. पिरनवाडीपर्यंत तिसऱ्यातच, रस्ता रिकामा बघून ताशी चाळीसवरून ब्रेक मारून बघितला. थोडी डावीकडे ओढली. उजव्या पुढच्या चाकाचे बूट अजून नीट बसले नाहीत, ॲडजस्टर दोन खाचा फिरवला. किणयेच्या पुढे चढाला तापमान वाढलं पण अर्ध्याच्या वर गेलं नाही. उद्यमबागेतल्या त्या दादांकडे परतताना थांबलो. त्यांनी चाकामागे टॉर्च मारून आपलं काम बघितलं, बोट फिरवलं, कोरडं होतं. मग पैसे घेतले.

राहिलेलं काम : स्टेअरिंगमध्ये थोडा ढिलेपणा आहे, टाय रॉडचे बॉल जॉइंट बघायचे. मागच्या एक्सलचं सील ओलं आहे, ब्रेकच्या बुटावर तेल जायच्या आत बदलायचं. वायपरच्या मोटरला जोर नाही, आणि जांबोटीकडे जूनमध्ये वायपरशिवाय गाडी काढणं शक्य नाही. हे तीन झाले की गाडी मामांच्या ताब्यात. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी चालवायची, टाकी भरलेली ठेवायची, हँडब्रेक ओढून उभी करायची नाही. हे एका कागदावर लिहून सनशेडला चिकटवलंय.